पान लावताना स्टाइल्स: कोल्हापुरातून वारंवार येणारे प्रश्न

ऑगस्ट उजाडला की कोल्हापुरातल्या डीटीपीवाल्यांच्या, म्हणजे संगणकावर छपाईची पानं लावणाऱ्यांच्या, टेबलावर वार्षिक अहवालांचा ढीग लागतो. सहकारी संस्थांना आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरच्या आत, वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यावी लागते. त्यामुळे पतसंस्था, दूध संस्था, विकास सोसायट्या, साखर कारखाने अशी सगळी कामं एकाच वेळी येऊन पडतात. ती हातावेगळी होतात न होतात तोच दिवाळी अंक दारात. याच दिवसांत स्टाइल्सबद्दल तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून ते इथं एकत्र केले आहेत. उत्तरं मुख्यतः अॅडोबी इनडिझाइन हे पानं लावायचं सॉफ्टवेअर समोर ठेवून दिली आहेत. कोरलड्रॉ, स्क्रायबस आणि पेजमेकरचे प्रश्न शेवटी आहेत.

१. स्टाइल म्हणजे नेमकं काय? हेडिंग सिलेक्ट करून फाँट-साइज हातानं दिला तर काय बिघडतं?

स्टाइल म्हणजे फाँट, साइज, लिडिंग (ओळींमधलं अंतर), रंग, वरची-खालची जागा, अलाइनमेंट या सगळ्या निर्णयांना मिळून दिलेलं एक नाव. हातानं केलेलं काम छापून वाईट दिसत नाही. अडचण येते दुरुस्तीच्या वेळी. दुसरं प्रूफ पाहून सचिव म्हणतात, “हेडिंग जरा मोठी करा,” आणि अहवालात हेडिंग असतात साठ. हातानं दिलेली असतील तर साठ वेळा सिलेक्ट करायचं, त्यात चार-दोन सुटणार आणि ती चार-दोनच नेमकी छापून आल्यावर दिसणार. स्टाइल असेल तर एका ठिकाणी आकडा बदलायचा. स्टाइल बनवायला लागणारा वेळ पहिल्याच प्रूफात वसूल होतो.

२. पॅराग्राफ स्टाइल आणि कॅरॅक्टर स्टाइल, कधी कोणती लावायची?

एका एंटरपासून पुढच्या एंटरपर्यंतच्या सगळ्या मजकुराला पॅराग्राफ स्टाइल. त्या पॅराग्राफातल्या काही शब्दांनाच वेगळं दिसायचं असेल तर कॅरॅक्टर स्टाइल. पॅराग्राफ स्टाइल लावताना मजकूर सिलेक्ट करावा लागत नाही, कर्सर आत कुठंही असला तरी पुरतो.

कॅरॅक्टर स्टाइलमध्ये फक्त जे वेगळं आहे तेवढंच भरा. ‘ठळक’ या स्टाइलमध्ये फाँट स्टाइल ‘बोल्ड’ एवढंच हवं. फाँटचं नाव, साइज, रंग हे रकाने कोरे सोडा. मग तीच स्टाइल बॉडीतही चालते, तळटीपेतही चालते. बरेच जण ठळक केलेला शब्द सिलेक्ट करून त्यावरून स्टाइल बनवतात. तसं केलंत तर स्टाइल उघडून आत अनावश्यक काही भरलं गेलंय का ते एकदा पाहा.

३. चाळीस पानांचा अहवाल आहे. सुरुवात कुठून करू? किती स्टाइल्स लागतात?

दहा-बाराच्या वर सहसा लागत नाहीत. आधी मजकूर वाचा. पतसंस्थेच्या अहवालात साधारण हे असतं: सभेची सूचना, विषयपत्रिकेचे क्रमांकित विषय, संचालक मंडळाची यादी, अध्यक्षांचं मनोगत, आर्थिक स्थितीचा आढावा, ताळेबंद, नफा-तोटा पत्रक, लेखापरीक्षकांचा अहवाल. यातल्या प्रत्येक भूमिकेला एक स्टाइल.

सगळ्यात आधी ‘मूळ’ नावाची एक पॅराग्राफ स्टाइल करा. ती कुठंही थेट लावायची नाही. तिच्यात फाँट, भाषा मराठी, कंपोझर (प्रश्न ६) आणि रंग ठरवा. मग ‘बॉडी’ करा आणि तिच्या ‘बेस्ड ऑन’मध्ये ‘मूळ’ निवडा. ‘बॉडी’वरून ‘बॉडी पहिला’ करा, कारण हेडिंगखालच्या पहिल्या पॅराग्राफला इंडेंट (पहिल्या ओळीआधीची मोकळी जागा) नको असतो. ‘बॉडी’वरूनच ‘विषय क्रमांक’ आणि ‘तळटीप’ करा. हेडिंगसाठी ‘मूळ’वरून ‘हेडिंग १’, आणि तिच्यावरून ‘हेडिंग २’.

‘बेस्ड ऑन’ची खुबी अशी की लेकीची स्टाइल फक्त आईपेक्षा वेगळं काय आहे तेवढंच लक्षात ठेवते. ‘मूळ’चा फाँट बदलला की सगळं खानदान बदलतं. पण ‘तळटीप’ला तुम्ही स्वतंत्र साइज दिला असेल तर ‘बॉडी’चा साइज वाढवल्यावर तळटीप हलणार नाही, आणि तेच बरोबर आहे.

४. स्टाइल्सची नावं मराठीत ठेवू की रोमन लिपीत?

दोन्ही चालतात. मी रोमन लिपीत मराठी नावं टाईप करायचा सल्ला देईन. एक कारण, नावाने स्टाइल शोधताना (प्रश्न २०) दर वेळी कीबोर्ड बदलावा लागत नाही. दुसरं, पुढे मजकूर ई-पुस्तकात गेला तर तिथल्या कोडमध्ये ही नावं उतरतात आणि रोमन नावं कमी त्रास देतात.

लिपी कोणतीही घ्या, नाव दिसण्यावरून देऊ नका. ‘लाल १८ बोल्ड’ हे नाव रंग निळा झाला की खोटं पडतं. ‘विभाग शीर्षक’ हे नाव दहा वर्षं टिकतं.

५. पॅनेलमध्ये आधीपासून ‘बेसिक पॅराग्राफ’ असते. तीच बॉडी म्हणून वापरली तर?

वापरू नका. ही स्टाइल प्रत्येक फाइलमध्ये असते आणि प्रत्येकाच्या मशीनवर तिची सेटिंग वेगळी असू शकते. तुमचा मजकूर दुसऱ्याच्या फाइलमध्ये चिकटवला की तो तिथल्या ‘बेसिक पॅराग्राफ’चं रूप घेतो. का घेतो ते प्रश्न १९ मध्ये आहे.

६. टाईप केलेलं मराठी फुटतं. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या मागे जाते, जोडाक्षरं हलन्त दिसतात. फाँट खराब आहे का?

फाँट बहुधा ठीक असतो. इनडिझाइनमध्ये ओळी रचणारं जे इंजिन आहे त्याला कंपोझर म्हणतात. साध्या ‘अॅडोबी पॅराग्राफ कंपोझर’ला देवनागरीची जोडणी कळत नाही. ‘अॅडोबी वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोझर’ला कळते. भारतीय लिप्यांची ही सोय २०१२ च्या सीएस६ या आवृत्तीपासून आली.

बहुतेक जण मजकूर सिलेक्ट करून पॅराग्राफ पॅनेलच्या मेनूतून कंपोझर बदलतात. ती तात्पुरती मलमपट्टी झाली. पुढचा मजकूर आला की पुन्हा तेच. पॅराग्राफ स्टाइल ऑप्शन्समध्ये ‘जस्टिफिकेशन’ या पानावर तळाशी कंपोझरचा रकाना आहे. ‘मूळ’ स्टाइलमध्ये तिथं वर्ल्ड-रेडी निवडा. तिच्यावर आधारलेल्या सगळ्या स्टाइल्स आपोआप सुधारतात. कोणतीही फाइल उघडी नसताना ‘बेसिक पॅराग्राफ’मध्येही हीच सेटिंग करून ठेवा, म्हणजे पुढच्या प्रत्येक नव्या फाइलला ती लागू होईल.

७. अक्षरं नीट जुळतात, पण ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे येतात. मराठी वळण कसं आणायचं?

स्टाइलच्या ‘अॅडव्हान्स्ड कॅरॅक्टर फॉरमॅट्स’ पानावर भाषा ‘मराठी’ करा. चांगल्या युनिकोड फाँटमध्ये (युनिकोड म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षरांना स्वतःचे क्रमांक देणारी पद्धत) दोन्ही वळणं असतात आणि मजकुराची भाषा पाहून फाँट रूप बदलतो. भाषा इंग्रजी किंवा हिंदी राहिली असेल तर मराठी रूपं झोपूनच राहतात. फाँटमध्ये ती रूपंच नसतील तर मात्र फाँट बदलण्याला पर्याय नाही.

याकडे दुर्लक्ष करू नका. शाळांची पुस्तकं, शासकीय पत्रकं, बालवाडीचे तक्ते यांत हे वळण महत्त्वाचं आहे. राज्य शासनाच्या २००९ च्या वर्णमालेविषयीच्या निर्णयातही मराठी वळणाचेच ल आणि श आहेत. शिवाय भाषा बरोबर असली की शुद्धलेखन तपासणी आणि शब्द तोडणं हेही मराठीच्या नियमांनी चालतं.

८. १२ पॉइंटला ऑटो लिडिंग ठेवलं तर ओळी एकमेकींना घासतात. किती ठेवावं?

ऑटो लिडिंग म्हणजे साइजच्या १२० टक्के. १२ ला १४.४. रोमन अक्षरांना ते पुरतं. आपल्याकडे शिरोरेषेच्या वर रफार, वेलांटी आणि अनुस्वार एकावर एक चढतात, खाली उकार लोंबतो. मी १२ पॉइंटला १७-१८ पासून सुरुवात करतो आणि फाँट पाहून कमी-जास्त करतो.

तपासायला एक युक्ती. ‘मूर्तींच्या’, ‘कीर्तीं’, ‘शर्तींत’ असे वर गर्दी करणारे शब्द एका ओळीत आणि ‘द्रुम’, ‘ट्रॅक्टर’, ‘कृपादृष्टी’ असे खाली उतरणारे शब्द तिच्या वरच्या ओळीत लिहा. हे घासले नाहीत तर काहीच घासणार नाही. ठरलेला आकडा ‘बॉडी’ स्टाइलमध्ये पक्का भरा, ऑटो ठेवू नका.

आणखी एक. इनडिझाइनमध्ये लिडिंग अक्षरांना चिकटलेलं असतं, त्यामुळे एखादा शब्द मोठ्या लिडिंगचा आला की तेवढीच ओळ खाली ढकलली जाते. प्रेफरन्सेसच्या ‘टाइप’ पानावर लिडिंग पूर्ण पॅराग्राफला लावण्याची खूण आहे, ती करून ठेवा.

९. स्टाइलच्या नावापुढे अधिकचं चिन्ह दिसतं. ते काय आहे?

तुम्ही किंवा तुमच्या आधी कुणीतरी स्टाइलवर हातानं काहीतरी बदललंय. याला ओव्हरराइड म्हणतात. माउस त्या नावावर थोडा थांबवला की काय बदललंय त्याची यादी दिसते. ऑल्ट दाबून नावावर क्लिक केलं की हातचे बदल पुसले जातात आणि कॅरॅक्टर स्टाइल्स शाबूत राहतात. ऑल्ट आणि शिफ्ट दोन्ही दाबून क्लिक केलं तर कॅरॅक्टर स्टाइल्सही जातात, म्हणून बोटं जपून.

हातानं केलेला बदल तुम्हाला पसंत पडला आणि तो सगळीकडे हवा असेल तर उलट करा: त्याच पॅराग्राफात कर्सर ठेवून पॅनेल मेनूतून ‘रीडिफाइन स्टाइल’ द्या. कंट्रोल+ऑल्ट+शिफ्ट+आर हा त्याचा शॉर्टकट. डिझाइन ठरवताना मी डायलॉग बॉक्स फारसा उघडत नाही. पानावरच जुळवतो आणि रीडिफाइन करतो.

१०. ओव्हरराइड पुसले आणि लेखकानं ठळक केलेले सगळे शब्द साधे झाले. आता?

आधी कंट्रोल+झेड. मग पुसण्याआधी ते ठळकपण सुरक्षित जागी हलवा:

फाइंड/चेंज उघडा. ‘फाइंड फॉरमॅट’मध्ये दोन गोष्टी भरा, पॅराग्राफ स्टाइल ‘बॉडी’ आणि फाँट स्टाइल ‘बोल्ड’. ‘चेंज फॉरमॅट’मध्ये कॅरॅक्टर स्टाइल ‘ठळक’. वरचे मजकुराचे दोन्ही रकाने कोरे ठेवा आणि ‘चेंज ऑल’ द्या. पॅराग्राफ स्टाइलची अट विसरलात तर हेडिंगमधल्या बोल्डलाही कॅरॅक्टर स्टाइल चिकटते आणि पुढे हेडिंगचा फाँट बदलताना ती आडवी येते. एवढं झालं की ओव्हरराइड निर्धास्त पुसा. कॅरॅक्टर स्टाइल लावलेली अक्षरं जागची हलत नाहीत.

कवितासंग्रह आणि दिवाळी अंकांच्या कथांना हे न चुकता करा. लेखकानं एखाद्या शब्दावर दिलेला जोर आपल्या घाईत पुसला गेला तर तो लेखकावर अन्याय आहे.

११. मजकूर वर्डमध्ये येतो, नाहीतर व्हॉट्सअॅपवर. आपल्या स्टाइल्समध्ये पटकन कसा बसवायचा?

वर्डची फाइल ‘प्लेस’ करताना ‘शो इम्पोर्ट ऑप्शन्स’वर खूण करा. तिथं वर्डच्या स्टाइल्स आणि आपल्या स्टाइल्स यांची जोडी लावता येते: त्यांची ‘नॉर्मल’ म्हणजे आपली ‘बॉडी’, त्यांची ‘हेडिंग १’ म्हणजे आपली ‘हेडिंग १’. ही जोडणी प्रीसेट म्हणून साठवा. ज्या संस्थेचं काम दर वर्षी येतं तिच्या सचिवांना वर्डमध्ये हेडिंगला हेडिंगची स्टाइल लावायला एकदा बसून शिकवा. पुढच्या वर्षी अर्धं काम आयतं होतं. जोडी न लावता आणलेल्या स्टाइल्सपुढे पॅनेलमध्ये डिस्कचं चिन्ह दिसतं, त्यावरून परकी स्टाइल ओळखता येते.

व्हॉट्सअॅपच्या मजकुराला स्टाइल अशी नसतेच. तो ‘बॉडी’मध्ये ओता आणि फाइंड/चेंजच्या क्वेरी यादीतून आधी ‘मल्टिपल रिटर्न टू सिंगल रिटर्न’, मग ‘मल्टिपल स्पेस टू सिंगल स्पेस’ चालवा. या दोन्ही तयार मिळतात. मजकूर जुन्या फाँटमधला असेल तर आधी प्रश्न १२ वाचा.

१२. जुना मजकूर युनिकोड नाही. आमची स्टाइल लावली की सगळं रोमन अक्षरांचं कडबोळं दिसतं.

दिसणारच. जुन्या फाँटमध्ये देवनागरीची चित्रं रोमन अक्षरांच्या जागी बसवलेली होती. फाइलच्या लेखी तो मजकूर रोमनच आहे, फक्त त्या एका फाँटमुळे मराठी दिसत होता. स्टाइलनं फाँट बदलला आणि मुखवटा उतरला. त्यामुळे आधी कन्व्हर्टरनं युनिकोड करायचं, स्टाइल नंतर.

खरी गुंतागुंत मजकुरात खरे इंग्रजी शब्द असले की होते. कन्व्हर्टर त्यांनाही मराठी समजून फिरवतो. म्हणून मूळ फाइलमध्येच, फाँट शाबूत असताना, इंग्रजी फाँटमधले शब्द फाँटवरून शोधा आणि त्यांना ‘रोमन’ नावाची कॅरॅक्टर स्टाइल लावून त्यांची यादी काढून ठेवा. रूपांतरानंतर ते शब्द परत जागेवर टाका.

रूपांतरित मजकुरात ‘तऱ्हा’, ‘दऱ्या’ असे शब्दही तपासा. हा अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिला जातो: नुक्ता असलेल्या ऱ ला हलन्त देऊन, किंवा साध्या र ला हलन्त आणि न दिसणारा जोडक देऊन. डोळ्यांना दोन्ही सारखेच, पण एक शोधताना दुसरा सापडत नाही. फाइंड/चेंजनं सगळीकडे एकच प्रकार करून घ्या.

१३. ‘इटॅलिक’ स्टाइल लावली की मजकुरामागे गुलाबी पट्टा येतो. फाँट तर मशीनवर आहे.

गुलाबी पट्टा म्हणजे मागितलेलं अक्षररूप सापडलं नाही. फाँट आहे, त्यात इटॅलिक नाही. देवनागरीच्या बहुतेक फाँटांत तिरकं वळण बनवलेलंच नसतं. उदाहरणार्थ, ‘मुक्ता’ या फाँटात सात वजनं (जाडीचे प्रकार) आहेत, तिरकं एकही नाही. ‘टिरो देवनागरी मराठी’त साधं आणि तिरकं आहे, पण बोल्ड नाही. त्यामुळे बॉडी ‘मुक्ता’तून ‘टिरो’त नेली की ‘ठळक’ स्टाइल गुलाबी होते. चूक स्टाइलची नाही, त्या घराण्यात ते भावंडच नाही.

मराठीत जोर द्यायला ठळक आणि पुस्तकांच्या नावांना एकेरी अवतरण पुरतं, असं माझं मत आहे. अक्षर कृत्रिमरीत्या झुकवू नका, काना-मात्रा विद्रूप होतात.

१४. मराठी ओळीत मध्येच येणारे इंग्रजी शब्द फार मोठे दिसतात. प्रत्येक शब्द निवडून लहान करायचा का?

ग्रेप स्टाइल वापरा, म्हणजे ठरलेल्या नमुन्याचा मजकूर आला की कॅरॅक्टर स्टाइल आपोआप लागते. ही सोय २००८ च्या सीएस४ पासून आहे आणि तरीही आपल्याकडे फार कमी लोक वापरतात याचं वाईट वाटतं. आधी ‘रोमन’ ही कॅरॅक्टर स्टाइल बनवा: इंग्रजी फाँट, थोडा कमी साइज, आणि भाषा इंग्रजी. मग ‘बॉडी’ स्टाइलच्या ‘ग्रेप स्टाइल’ पानावर नवी ओळ घाला, ‘रोमन’ निवडा आणि नमुन्याच्या रकान्यात चौकटी कंस, त्यात कॅपिटल ए, आडवी रेघ, कॅपिटल झेड, लगेच लहान ए, आडवी रेघ, लहान झेड, कंस बंद, शेवटी अधिकचं चिन्ह, असं मध्ये जागा न सोडता टाईप करा. अर्थ: सलग रोमन अक्षरांचा कोणताही गट. यापुढे इंग्रजी शब्द टाईप होताक्षणी आपलं रूप घेतो.

आकड्यांनाही हेच चालतं. देवनागरी अंकांसाठी नमुना [०-९]+ असा. एका पॅराग्राफवर अनेक ग्रेप स्टाइल्स लावता येतात आणि त्यांचे परिणाम एकमेकांवर चढतात. फार किचकट नमुने लांबलचक फाइलमध्ये मशीनला जड जातात, तेवढं भान ठेवा.

१५. सभासदांची यादी आहे: नाव, गाव, तालुका. नाव ठळक, बाकी साधं. शेकडो ओळी हातानं कशा करायच्या?

यासाठी नेस्टेड स्टाइल आहे: पॅराग्राफच्या सुरुवातीपासून ठरलेल्या चिन्हापर्यंत ती कॅरॅक्टर स्टाइल आपोआप लावते. समजा ओळी अशा आहेत:

सभासदाचं नाव — वडणगे, करवीर
सभासदाचं नाव — कोतोली, पन्हाळा
सभासदाचं नाव — नेसरी, गडहिंग्लज

‘यादी’ या पॅराग्राफ स्टाइलच्या ‘ड्रॉप कॅप्स अँड नेस्टेड स्टाइल्स’ पानावर नवी नेस्टेड स्टाइल घ्या: ‘ठळक’, ‘अप टू’, १, आणि शेवटच्या रकान्यात लांब रेघ. म्हणजे पहिल्या रेघेपर्यंत ठळक, रेघ साधी. रेघही ठळक हवी असेल तर ‘अप टू’च्या जागी ‘थ्रू’. खाली दुसरी नेस्टेड स्टाइल जोडून गाव वेगळ्या रंगात देता येतं, स्वल्पविरामापर्यंत. पूर्ण यादी सिलेक्ट करून ‘यादी’ लावली की जिल्ह्यातल्या बाराही तालुक्यांची नावं एका फटक्यात बसतात.

हे जमण्यासाठी रेघ सगळीकडे एकच हवी. कुणी लहान डॅश, कुणी दोन डॅश टाईप केलेले असतात. आधी ते फाइंड/चेंजनं सारखे करा. आणि ज्या ओळीत रेघच नाही तिथं ‘एंड नेस्टेड स्टाइल हिअर’ हे अदृश्य चिन्ह हवं तिथं घालून ठळक थांबवता येतं.

१६. हेडिंग पानाच्या तळाला एकटं राहतं. एंटर मारून पुढे ढकलतो, पण मजकूर बदलला की पुन्हा गोंधळ.

एंटर मारणं सोडा. ‘हेडिंग’ स्टाइलच्या ‘कीप ऑप्शन्स’ पानावर ‘कीप विथ नेक्स्ट’ला २ ओळी द्या. हेडिंग आपल्या पुढच्या दोन ओळींना घेऊनच पुढच्या पानावर जाईल. नव्या प्रकरणासाठी तिथंच ‘स्टार्ट पॅराग्राफ’मध्ये पुढचं पान निवडा.

हेडिंगच्या वरची जागाही ‘स्पेस बिफोर’नं द्या. फ्रेमच्या माथ्यावर आलेल्या पॅराग्राफची ती जागा इनडिझाइन आपणहून सोडून देतं. रिकामा एंटर मात्र तिथंही जागा खातो आणि पान वरून अर्धा इंच खाली सुरू झाल्यासारखं दिसतं.

१७. अहवाल तेहेतीस पानांचा झाला आणि फर्मे (एका कागदावर एकत्र छापायच्या पानांचे गठ्ठे) सोळाचे. एक पान कमी कसं करू?

स्टाइल्स नीट असतील तर हे दहा मिनिटांचं काम आहे. आधी ‘बॉडी’चं लिडिंग अर्ध्या पॉइंटनं कमी करून पाहा, १८ चं १७.५. मजकुराची तीसेक पानं असतील तर एवढ्यानंही पाऊण पान सुटतं. मग हेडिंगची ‘स्पेस बिफोर’ दोन पॉइंट कमी. साइजला हात सगळ्यात शेवटी लावा, कारण अहवाल वाचणारे बरेच सभासद वयस्कर असतात. अक्षरं आडवी दाबून पान वाचवणं तर नकोच.

१८. अरुंद कॉलमात जस्टिफाय केलं की शब्दांमध्ये मोठ्या फटी पडतात.

‘जस्टिफिकेशन’ पानावर वर्ड स्पेसिंगचे मूळ आकडे ८०, १००, १३३ असतात. किमान ७५ पर्यंत उतरवा आणि ग्लिफ स्केलिंगला (अक्षराची रुंदी किंचित कमी-जास्त करण्याला) ९८ ते १०२ एवढी मुभा द्या. डोळ्याला कळत नाही. लेटर स्पेसिंग मात्र शून्यच ठेवा. अक्षरं लांबवली की शिरोरेषा तुटते. याच कारणानं हेडिंगला ट्रॅकिंग (अक्षरांमधलं जादा अंतर) देऊन ‘ऐसपैस’ करणं मराठीत चालत नाही. एवढं करूनही फटी राहिल्या तर तो कॉलम डावीकडूनच लावा.

१९. मागच्या वर्षीच्या फाइलमधून मजकूर कॉपी केला, तर इथं आल्यावर त्याचं रूपच बदललं.

दोन फाइल्समध्ये एकाच नावाची स्टाइल असेल तर चिकटवलेला मजकूर नव्या फाइलमधली व्याख्या घेतो. बहुतेक वेळा हेच हवं असतं. नको असेल तर मूळ फाइलमध्ये स्टाइलचं नाव बदलून मग कॉपी करा.

जुन्या स्टाइल्स जशाच्या तशा हव्या असतील तर पॅराग्राफ स्टाइल्स पॅनेलच्या मेनूतून ‘लोड ऑल टेक्स्ट स्टाइल्स’ द्या. नावं जुळली तर कोणती व्याख्या ठेवायची ते तिथं विचारलं जातं. दर वर्षीच्या कामाचं टेम्प्लेट करून ठेवणं सगळ्यात चांगलं. फाइल दुसऱ्या प्रेसला देताना ‘पॅकेज’ करून द्या; सोबतचं डॉक्युमेंट फाँट्सचं फोल्डर फाइलशेजारी असलं की तिथले फाँट आपोआप उचलले जातात.

२०. स्टाइलला दिलेला शॉर्टकट चालत नाही.

विंडोजवर स्टाइलचा शॉर्टकट उजवीकडच्या नंबर पॅडवरच्या आकड्यांनाच लागतो आणि नम लॉक चालू असावं लागतं. लॅपटॉपवर नंबर पॅड नसेल तर कंट्रोल+एंटर दाबा, स्टाइलच्या नावाची दोन-तीन अक्षरं टाईप करा, एंटर. हात माउसकडे जातच नाही. नावांविषयी प्रश्न ४ मध्ये आहे.

२१. अनुक्रमणिका आपोआप येते, पण काही हेडिंग तिच्यात येतच नाहीत.

अनुक्रमणिका पॅराग्राफ स्टाइलवरून बनते. न आलेली हेडिंग दिसायला हेडिंग असली तरी त्यांची स्टाइल ‘बॉडी’च असणार, वर हातानं साइज दिलेला. तिथं कर्सर ठेवून पाहा, प्रश्न ९ मधलं चिन्ह दिसेल. आणि हेडिंगची ओळ शिफ्ट+एंटरनं तोडली असेल तर तो तोड अनुक्रमणिकेतही उतरतो. तो काढण्याची खूण अनुक्रमणिकेच्या डायलॉगमध्ये आहे.

२२. ताळेबंदातल्या रकमा एकाखाली एक येत नाहीत.

स्पेस देऊन जुळवू नका. ‘रक्कम’ नावाची पॅराग्राफ स्टाइल करा आणि तिच्या ‘टॅब्ज’मध्ये डेसिमल टॅब ठेवा. टेबलच्या सेलमध्ये टॅब न दाबताही रक्कम दशांश चिन्हावर जुळते. मग ती स्टाइल ‘रक्कम’ या सेल स्टाइलमध्ये निवडा. बेरजेच्या ओळीसाठी तिच्यावर आधारलेली ‘रक्कम एकूण’, ठळक.

२३. आम्ही लग्नपत्रिका कोरलड्रॉमध्ये करतो. तिथं स्टाइल्सची गरज आहे का?

एकच पत्रिका असेल तर नाही. पण ठरलेले आठ-दहा नमुने असतील आणि लग्नसराईत त्यांतच नावं बदलायची असतील तर जरूर. कंट्रोल+एफ५ नं ऑब्जेक्ट स्टाइल्सचं डॉकर उघडतं. ‘वधूवर’, ‘मुहूर्त’, ‘कार्यस्थळ’, ‘निमंत्रक’ अशा स्टाइल्स केल्यात तर गिऱ्हाईक समोर बसलेलं असताना फाँट बदलून दाखवता येतो. मोठं पुस्तक किंवा अहवाल मात्र कोरलमध्ये करू नका.

२४. इनडिझाइनचं भाडं परवडत नाही. स्क्रायबसमध्ये हे सगळं होईल का? आणि पेजमेकरच्या जुन्या फाइल्सचं काय?

स्क्रायबस मोफत आहे. त्याच्या १.४ मालिकेत देवनागरी जोडाक्षरं नीट बसत नव्हती, १.६ मध्ये बसतात. एफ४ दाबून स्टाइल मॅनेजर उघडा. पॅराग्राफ स्टाइल, कॅरॅक्टर स्टाइल, एका स्टाइलवर दुसरी आधारणं हे सगळं आहे. ग्रेप स्टाइल आणि नेस्टेड स्टाइल नाहीत, त्यामुळे प्रश्न १४ आणि १५ मधली कामं तिथं शोधा-बदला वापरून करावी लागतात.

पेजमेकरची शेवटची आवृत्ती ७.० ही २००१ ची आणि तिला युनिकोड कळत नाही. आजच्या इनडिझाइनमध्ये त्या फाइल्स थेट उघडत नाहीत. सीएस६ पर्यंत उघडत होत्या. कुणाकडे सीएस६ चालू असेल तर तिथं उघडून नव्या रूपात साठवा, म्हणजे जुन्या स्टाइल्सची नावंही सोबत येतात. तेही नसेल तर पेजमेकर चालणाऱ्या मशीनवरून मजकूर बाहेर काढा, प्रश्न १२ प्रमाणे युनिकोड करा आणि नव्या टेम्प्लेटमध्ये ओता. ते जुनं मशीन बंद पडायच्या आधी हे करा. शाळांच्या आणि संस्थांच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिका अजून कित्येक ठिकाणी तशाच फाइल्समध्ये अडकून आहेत.